बाई छाप कट्टे

वकिलाच्या ऑफिसात दोन गोष्टी साचतात, फायली आणि किस्से. फायली निकाल लागला की माळ्यावर जातात. किस्से खालीच राहतात. तारीख लांबली, लाइट गेली, चहा यायला उशीर झाला, की एक निघतो आणि त्याच्या मागे दुसरा. परवा बाररूममध्ये एका नव्या वकील पोरीनं मला विचारलं, "ताई, तुमच्या ऑफिसात म्हणे परदेशी कंपन्यांची कामं व्हायची? इथं, गोंदियात?" मी म्हटलं, बस बाई. चहा सांग. हसायचं तिथं हस, पण शेवटापर्यंत बस.

तर आधी बोर्ड. आमचं ऑफिस सायकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. बिसेन साहेब माझे सीनियर. माझेही केस पिकले, तरी कोर्टात मी अजून "बिसेन साहेबांची ज्युनिअर"च! आपले मिलवाले तांदूळ बाहेर पाठवायला लागले, तसे तिकडचे व्यापारी इकडे वकील शोधायला लागले. आपल्या मार्क्याची इथे नोंदणी करायची, कुणी नक्कल केली तर नोटीस द्यायची, पैसा अडकला तर काढून द्यायचा. साहेबांचं इंग्रजी चांगलं, मेलला त्याच दिवशी उत्तर. कामं येत गेली. मग साहेबांनी हौसेनं बोर्ड रंगवला : 'परदेशी व्यवसायांना कायदेविषयक मार्गदर्शन. ट्रेडमार्क व सीमापार वसुली.' त्याच्या खाली सायकलवाल्याचा बोर्ड होताच, 'पंक्चर काढून मिळेल.' लोक दोन्ही एका दमात वाचायचे!

तो बोर्ड आता मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. असो.

*

बोर्ड वाचून आलेला पहिला माणूस कुठला असेल? लंडनचा? छे! इथल्याच दरेकशाचा. सकाळच्या गाडीनं उतरलेला, खांद्यावर दुपट्टा, हातात चारोळीची पुरचुंडी.

"साहेब, तुमी परदेशातून वसुली करून देता ना?"

"देतो. बसा. काय येणं आहे?"

"जावई."

साहेबांनी चष्मा काढला. जावई कुवेतला ड्रायव्हर. पैसे पाठवायचा, वेळेवर पाठवायचा. बोलायचा मात्र नाही. "पैशाचं काई नाई जी. फोन करत नाई तो. पोरगी दिवसभर मोबाइलकडं पाहून राहते. जेवत नाई धड."

मला वाटलं साहेब समजूत घालून परत पाठवतील. तर नाही! साहेबांनी लेटरहेडवर इंग्रजीत कडक नोटीस लिहिली. ही नोटीस मिळताच आपण आपल्या पत्नीस फोन करावा, अन्यथा पुढील परिणामांस आपण स्वतः जबाबदार राहाल. खाली लाल शिक्का. मुन्शी भैयालालनं त्याचा फोटो काढून जावयाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. संध्याकाळच्या आत फोन आला!

पुढच्या महिन्यात म्हातारा पुन्हा हजर. पुन्हा चारोळी. तोंड मात्र उतरलेलं.

"काय झालं? फोन करत नाही का?"

"आता त बंदच करत नाई जी! सकाळी, दुपारी, रात्री. पोरगी सैंपाक करून नाई राहिली. कमी कराची नोटीस हाय का?"

आमच्या ऑफिसची ती पहिली यशस्वी सीमापार वसुली. फी म्हणून चारोळी मिळाली. तिची खीर मी घरी केली होती, चांगली झाली होती.

*

खरी वसुली मात्र जर्मनीच्या कंपनीची. तांदळातले काळे दाणे निवडून फेकणारं मशीन त्यांनी आमगाव रोडच्या एका मिलवाल्याला उधारीत दिलं होतं. त्यानं हप्ते थांबवले. तिकडच्या वकिलाचा मेल आला, ताबडतोब नोटीस द्या.

साहेबांनी नोटीस दिली नाही. मला म्हणाले, "चल, जेवायला जाऊ."

आता तुला माहीत आहे, आपल्या मिलवाल्यांत एक पद्धत आहे. घरी जेवलेला माणूस आपला. त्याच्याशी मग लिखापढी नाही, जे काय ते तोंडी. आणि घरी येऊन कुणी जेवायला नाही म्हटलं, तर ती फार मोठी गोष्ट. गावभर होते.

आम्ही ऐन दुपारी पोचलो. पाटावर ताटं वाढलेली. साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "आज नको. भूक नाही." बस. एवढंच. मिलवाल्याचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात आतून त्याची आई बाहेर आली. "काऊन जी? वकील माह्या घरून उपाशी जाऊन राहिला? काय केलं गा तू?" तिनं पोराला आमच्यासमोर असं झापलं की मीच खाली मान घातली!

हप्ते सुरू झाले. जर्मनीचा वकील खूश. साहेबांनी प्रामाणिकपणे सगळा रिपोर्ट पाठवला. उलट टपाली मेल आला : "जेवण नाकारण्याचा कायदेशीर आधार कृपया कलमासह कळवावा."

आम्ही पोट धरून हसलो. साहेब हसले नाहीत. त्या मिलवाल्यानं नंतर मुलीच्या लग्नाची पत्रिका साऱ्या बारला वाटली, साहेबांना सोडून. साहेब म्हणाले, "वसूल झालं, पण घर गेलं." त्यांना ते लागलं होतं. मला तेव्हा ते जास्तीचं वाटलं.

*

आता हिवराज कटरे. साहेबांचे शाळासोबती, एका बाकावरचे. साहेबांना "वकील" म्हणून अरे-तुरे करणारा गोंदियात हा एकच माणूस. देवरी रोडला त्यांची लहानशी मिल, मिलला लागून घर, घराला लागून धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं. बायको सेवंताबाई. मालकीण असून धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसात साडी खोचून बायांच्या रांगेत उतरायची आणि सगळ्यांच्या पुढे निघायची.

तांदळाची पोती, म्हणजे कट्टे, छापणाऱ्यानं कटऱ्यांना विचारलं, कट्ट्यावर चित्र कशाचं टाकू? वाघ, मोर, कमळ, सगळे लोक तेच टाकतात. कटऱ्यांच्या खिशात बायकोचा फोटो होता, सूप घेऊन धान पाखडतानाचा. तोच दिला. छापून आलं तर सेवंताबाई अशी चिडली! चेहऱ्यावर नाही गं, साडीवर. "जुनं पातळ होतं ते! सांगतलं असतं त नवं नेसली असती!" मग पुढच्या वेळी छापणाऱ्यानं रंग बदलून साडी हिरवीगार केली. तेव्हा कुठं घरात शांतता झाली. बाजारात त्या तांदळाला नाव पडलं, बाई छाप.

मस्कतचे एक म्हातारे व्यापारी उकडा तांदूळ पाहायला आले. मिलमध्ये आले, कट्टा पाहिला आणि म्हणाले, माल हाच, आणि फोटोही हाच पाहिजे. कटऱ्यांच्या घरी जेवले. सेवंताबाईनं तांदळाची भाकर आणि लाखोळीचं वरण वाढलं. म्हाताऱ्यानं दोनदा मागून घेतलं.

मग सगळे आमच्या ऑफिसात. मार्क्याची नोंदणी इथे आणि तिकडे, दोन्हीकडे म्हाताऱ्यांच्या कंपनीच्या नावानं करायची ठरली, कारण नाहीतर तिकडे दुसराच कुणी हे चित्र आपल्या नावावर करून टाकतो. जिवंत माणसाचा चेहरा, म्हणून त्या माणसाची लेखी संमती लागते. सेवंताबाई नवी साडी नेसून आली. पेन हातात धरून तिनं विचारलं, "वकीलभाऊ, माहा फोटो परदेशात जाईल, त मले पासपोर्ट लागल का जी?"

"नाही वहिनी. फक्त सही."

"बरं झालं. मले त देवरीच्या बशीतबी मळमळते."

म्हातारे हसले. म्हणाले, "बहन, काग़ज़ मेरे नाम का रहेगा। पर बाई तो कटरे भाई की ही है। ये यहाँ अपने कट्टे पे जितना चाहे लगाए, मैं कभी मना नहीं करूँगा।"

साहेब लगेच म्हणाले, "हे पण दोन ओळीत लिहून घेऊ."

कटऱ्यांना राग आला. "वकील, तो माह्या घरी जेवला ना गा? जबान दिली ना त्यानं? आता त्याले कागद मांगू?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. मी समोरच बसले होते. त्या टोपणाचा मला आजही राग येतो.

*

मस्कतच्या कंपनीशी झालेल्या करारात एक ओळ होती. शिल्लक राहिलेले कट्टे जाळून नष्ट करावेत. आता छापणारा नेहमी चार कट्टे जास्तीचे छापतो, भरताना फाटतात म्हणून. उरलेले जाळा म्हणे! आपल्याकडे चांगला कट्टा कुणी जाळलाय का कधी?

साहेबांनी सेवंताबाईला समजावलं. वहिनी, नियम आहे, जाळावे लागतील. तिनं पदर तोंडाला लावला. "माह्या हातानं माहंच तोंड जाळू का जी?"

ती ते कट्टे मिलच्या हमालांना, रोवणीच्या बायांना वाटून द्यायची. म्हणायची, न्या गा, कामी पडतीन.

पडलेच कामी! काही वर्षांनी मस्कतच्या कंपनीनं 'नकली माल शोधमोहीम' काढली. मुंबईच्या कुठल्या एजन्सीची पोरं इकडे फिरून गेली आणि आम्हाला फोटोंचा ढीग आला. मुर्री गावात एका न्हाणीचा पडदा, त्यावर सेवंताबाई. आठवडी बाजारात वांग्याखाली अंथरलेली सेवंताबाई. सायकलच्या सीटवर सेवंताबाई. एका बकरीला थंडीसाठी घातलेलं झबलं, त्याच्या पाठीवर सूप घेऊन सेवंताबाई! खाली विचारणा : "सदर वस्त्राचा उत्पादक कोण, त्याचा तातडीनं शोध घ्यावा."

भैयालाल अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "साहब, नोटिस बकरी के नाम निकालूँ कि मालिक के?"

सेवंताबाईला ते फोटो दाखवले तर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "पाहा मंग! तुमच्या वकील साहेबाले कोन ओळखते? मले त बकरीबी पांघरून राहिली!"

साहेबांनी कंपनीला उत्तर लिहिलं, ही नक्कल नाही, हा इथला वापर आहे, यात मार्क्याचं नुकसान नाही. म्हातारे मालक होते तोवर ते पटलं. त्यांनी तो बकरीचा फोटो मोठा करून मस्कतच्या आपल्या ऑफिसात लावला होता म्हणे.

*

मग सेवंताबाई गेली. कावीळ झाली, अंगावर काढली, नागपूरला नेईपर्यंत उशीर झाला. पन्नाशीसुद्धा नव्हती गाठली. मस्कतहून म्हाताऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. कटऱ्यांनी फोन समोर धरला आणि दोन्हीकडे दोन म्हातारी माणसं नुसती रडत बसली.

त्यानंतर दोन वर्षांत म्हातारे थकले आणि त्यांच्या मुलांनी कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली. मार्का विकत घेणाऱ्याकडे गेला. कंपनीची माणसं बदलली. त्यांनी तांदूळ दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली, स्वस्त पडतो म्हणून. कट्ट्यावर मात्र बाई तीच. कटरे इकडे बाजारात आपला थोडासा माल विकत राहिले, त्याच चित्राच्या कट्ट्यात. मग नव्या कंपनीचा आम्हाला मेल आला : या इसमाला थांबवा.

इसम!

मी साहेबांना म्हटलं, हे काम सोडा. चिडून म्हटलं. साहेब म्हणाले, "मी सोडलं तर नागपूरचा कुणी घेईल. तो हिवराजला ओळखत नाही, खाऊन टाकेल. आपण असलो तर सांभाळून होईल." ते मनापासून बोलत होते. पण चुकीचं बोलत होते, आणि मी ऐकून घेतलं.

नोटीस भैयालालच्या हाती पाठवली, पोस्टानं पाठवायचा साहेबांना धीर झाला नाही. भैयालाल परत आला तो जेवून, वर हातात तांदळाची पिशवी. "साहब, उन्होंने पढ़ा ही नहीं। बोले, बिसेन का काग़ज़ है तो ठीक ही होगा।"

दुसऱ्या दिवशी कटरे स्वतः आले. नेहमीच्या खुर्चीत बसले. नोटीस कुणाकडून तरी वाचून घेतली होती. चहा आला. तो त्यांनी हातानं हळूच बाजूला सारला.

साहेबांनी ते पाहिलं. जर्मनीवाल्यांना कलम पाहिजे होतं ना, ते साहेबांना त्या दिवशी कळलं असेल.

"एकच इचारतो, वकील. ते बाई कोनाची?"

"बायको तुझी, हिवराज. चित्र त्यांचं."

कटऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मले दुसरं काई नोको. माल नोको घेऊ म्हना माहा. दोष नाई. पर कट्ट्यावर बाई राहू द्या म्हना. बाजारात दिसते तिथं तिथं. मले बरं वाटते."

साहेबांनी त्याच दिवशी मेल लिहिला, मीच टाइप केला. याला फक्त गोंदिया जिल्ह्यापुरती परवानगी द्या, तुमचं काही जात नाही. कंपनीचा मुंबईचा माणूस नायर, त्याचा फोन आला. तसा चांगला मुलगा. "सर, मैंने ऊपर बात की। वो बोल रहे हैं, लोगों को यही फेस पसंद है। फेस ही तो ब्रैंड है। इसीलिए नहीं दे सकते।"

साहेबांनी आणखी तीन वेळा लिहिलं असेल. शब्द बदलले, विनंती तीच. उत्तरही तेच.

*

दावा लागला. कटऱ्यांनी वकील दिला नाही. बारमधले दोघं-तिघं स्वतःहून त्यांच्याकडे जाऊन आले, फुकट लढतो म्हणाले. मीसुद्धा लपून एकाला पाठवलं होतं. त्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

पहिल्या तारखेला जजसाहेबांनी विचारलं, "प्रतिवादी कोण?"

कटरे उभे राहिले. धुतलेलं धोतर, टोपी.

"तुमचे वकील कुठे आहेत?"

कटऱ्यांनी आमच्या टेबलाकडे हात केला. "हे काय बसले. बिसेन."

कोर्टात एकच हशा! शिपाईसुद्धा हसला. जजसाहेब म्हणाले, "अहो, ते तुमच्या विरुद्ध आहेत."

"हौ जी, या टायमाले हायेत," कटरे म्हणाले. "पर माहा वकील तोच. दुसरा कायले करू?"

साहेबांनी फायलीतून मान वर काढली नाही. जजसाहेबांनी खूप समजावलं, सरकारी मदतीतून वकील देऊ का म्हणाले. नको. काही म्हणायचं आहे का? आहे. मस्कतच्या माणसानं जबान दिली होती, कधी मना करणार नाही म्हणून. लेखी आहे का? नाही. तेव्हा हजर कोण होतं?

कटऱ्यांनी साहेबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग जजसाहेबांना म्हणाले, "राहू द्या जी. त्याईची अडचन होईल."

दुसऱ्याच दिवशी साहेब मस्कतला फोन लावून बसले. म्हाताऱ्यांनी ओळखलं, रडले आणि म्हणाले, "अब मेरे हाथ में कुछ नहीं है, बिसेन भाई।" मनाई हुकूम झाला. आम्ही जिंकलो. कंपनीचा अभिनंदनाचा मेल आला, तो साहेबांनी न वाचता पुसून टाकला. त्या आठवड्यात साहेब जेवणाचा डबा तसाच परत न्यायचे.

*

आता शेवटचा. चहा थंड झाला असेल तर दुसरा सांग, पण मध्ये बोलू नको.

हुकुमात होतं, प्रतिवादीची मिल, गोदाम, घर आणि ताब्यातली इतर जागा, इथे सापडतील ते या चित्राचे सगळे कट्टे जप्त करावे. रोवणीचे दिवस होते. कोर्टाचे कमिशनर, मी, साहेब आणि मुंबईहून आलेला नायर, असे एका गाडीत. सकाळपासून झड लागलेली. वायपर तेवढा चालू होता.

कटऱ्यांनी सगळं आधीच काढून ठेवलं होतं. नवे कट्टे, जुने कट्टे, दांडीवर घड्या घालून. आमची वाट पाहत दारात उभे होते. त्यांनी कमिशनरांना चहा दिला, नायरला दिला, मला दिला. साहेबांना विचारलंच नाही. साहेब पडवीच्या खांबाला टेकून पावसाकडे पाहत राहिले.

कट्टे गाडीत भरले. पंचनामा झाला. कटऱ्यांनी सही केली. आम्ही निघालो तर तेही छत्री घेऊन रस्त्यापर्यंत पोचवायला आले, पाहुण्यांना पोचवतात तसे.

मिलच्या मागून रस्ता वळतो आणि बांध्या लागतात. नायर एकदम म्हणाला, "रोकिए, रोकिए।"

बांधीत रोवणी चालू होती. बायांची लांब रांग, सगळ्या वाकलेल्या, हातात पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या जुड्या. पावसासाठी प्रत्येकीनं कट्टा एका बाजूनं उसवून, एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावरून पाठीवर सोडलेला. आणि प्रत्येकीच्या पाठीवर सेवंताबाई. हिरवीगार साडी, सूप, कुंकू. बांधीच्या या कडेच्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सेवंताबाईच. बाया एक पाऊल मागे सरकल्या की सगळ्या सेवंताबाई एक पाऊल मागे सरकायच्या.

नायरनं काच खाली केली. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, ये खेत भी... उन्हीं का है?"

"हो," साहेब म्हणाले.

कमिशनरांनी हुकूम उघडला. 'ताब्यातली इतर जागा' यावर बोट ठेवलं आणि साहेबांकडे पाहिलं. वादीचे वकील साहेब होते. बोलायचं साहेबांनीच.

साहेब गाडीतून उतरले. छत्री घेतली नाही. मीही उतरले. कटरे मागून चालत येऊन धुऱ्यावर उभे राहिले होते. त्यांना काही सांगावं लागलं नाही, त्यांनी हुकूम पाहिला, बांधी पाहिली.

"ने ना गा, वकील," ते म्हणाले. "पर बाया भिजतीन."

पाऊस वाढला. कमिशनरांनी कागद शर्टाच्या आत घातला. साहेब तिथेच धुऱ्यावर भिजत उभे राहिले. रांगेतली पुढची म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. आमच्याकडे, गाडीकडे, गाडीतल्या कट्ट्यांकडे पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "काय जी मालक, मालकीनले नेऊन राहिले का?"

कटऱ्यांनी आपली छत्री साहेबांच्या डोक्यावर धरली.

"नाई वो," ते म्हणाले. "पाहून राहिले. रोवा तुमी."